पाणी किती फुटांवर आहे, बाबा?

बेंडिगो, ऑस्ट्रेलिया,
२० जुलै

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं नदी हाय का गं?" मी "आहे की" म्हणेपर्यंत फोन आईच्या हातात गेला आणि विषय आखाडातल्या मटणावर आला. म्हणून हे पत्र. तसंही तुम्हाला नदीबद्दल सांगायचं तर कागदच बरा. फोनवर तुम्ही मध्येच "विसर्ग किती? पात्राची रुंदी किती?" असं विचारता आणि माझी दांडी उडते.

आधी खरं सांगते, बेंडिगोला नदी नाही. गावातून एक बांधून काढलेला ओढा जातो, त्याला आपल्या कोल्हापूरच्या जयंती नाल्याएवढीही अब्रू नाही. हे गाव उठलं सोन्यावर. १८५१ साली इथं सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली, चिनी सुद्धा आले, त्यांचं लाल रंगाचं देऊळ अजून आहे. मोठमोठ्या दगडी इमारती, जुनी ट्राम, सगळं बघण्यासारखं. पण पाणी नाही म्हटल्यावर माझं मन काही त्यात रमत नाही. आपण शुक्रवार पेठेतली माणसं. सकाळी दार उघडलं की घाटाकडनं येणारा गारवा अंगाला लागला पाहिजे.

तर गेल्या शनिवारी आम्ही इचूकाला गेलो. इथून उत्तरेला नव्वदेक किलोमीटर, म्हणजे आपलं नरसोबाच्या वाडीला जाऊन-येऊन होतं तेवढं. इथं जुलै म्हणजे भर थंडी. सकाळी गाडीच्या काचेवर दवाचा बर्फ होता, तो तुमच्या जावयांनी किराणा दुकानाच्या कार्डानं खरवडला. वाट सगळी सपाट. बाबा, तुम्हाला कल्पना येणार नाही इतकी सपाट. जोतिबा नाही, पन्हाळा नाही, नजर अडायला काही म्हणजे काही नाही.

आणि मग एकदम झाडांची गर्दी झाली आणि खाली नदी. मरे नदी. नाव ऐकून तुमचे जावई वाटभर फालतू विनोद करत होते, ते तिथं पोचल्यावर गप्प झाले. धुकं पाण्याला टेकलेलं, पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचं, अगदी आपल्या पंचगंगेचं श्रावणातलं. दोन्ही काठांना रिव्हर रेड गम नावाची निलगिरीच्या जातीची झाडं. पण आपल्याकडं सामाजिक वनीकरणात लावलेल्या निलगिरीसारखी काठीवाणी नाहीत, चांगली वडासारखी पसरलेली, बुंधा चार माणसांनी कवेत घ्यावा असा. काठ ढासळलाय तिथं मुळं उघडी पडून पाण्यावर लोंबतात. वर पांढरे काकाकुवे असे काही केकाटत होते की मनूनं कानांवर हात ठेवले.

एका झाडाच्या खोडावर माणसाएवढी लांब, दोन्ही टोकांना निमुळती खूण होती. साल नाही, आतलं लाकूड राखाडी पडलेलं, आणि भोवतीनं नवी साल ओठासारखी फुगून आलेली. मला वाटलं वीज पडली असेल. तिथल्या पाटीवर वाचलं, इथले मूळचे लोक, योर्टा योर्टा, असल्या झाडांची साल अखंड सोलून तिच्या डोंग्या करायचे. झाड मरत नाही, खूण तेवढी राहते. मी हात लावून बघितला. कडेची साल गुळगुळीत होती, आपल्या वाड्याच्या उंबऱ्यासारखी.

इचूका हे नाव त्यांच्याच भाषेतनं आलंय. अर्थ सांगू? पाण्यांची भेट. कॅम्पॅस्पी नावाची नदी गावातच मरेला मिळते आणि गोलबर्न थोडी वरच्या अंगाला. मी लगेच मनूला म्हटलं, बघ, हे यांचं प्रयाग चिखली. तिनं विचारलं, चिखलीत किती नद्या भेटतात? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, मी बोटांवर मोजल्या, आणि पाचवी सरस्वती. "ती कुठाय?" म्हणाली. गुप्त आहे म्हटलं. "म्हणजे चारच आहेत," म्हणाली. तुमची नात आहे, हिशेबाला पक्की.

आता गावाबद्दल. इथं जुनं गाव म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं. पहिल्यांदा मला हसू यायचं. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळापुढं हे म्हणजे कालचं पोर. पण यांनी ते जपलंय कसं, ते बघण्यासारखं आहे. आमच्या जवळच माल्डन म्हणून एक खाणकऱ्यांचं गाव आहे, त्याला १९६६ सालीच तिथल्या वारसा संस्थेनं देशातलं पहिलं 'उल्लेखनीय गाव' ठरवलं. तिथली पेठ बघून मला कुरुंदवाड आठवलं, का कोण जाणे. दुकानांपुढं लाकडी खांबांचे व्हरांडे आणि दुपारी दोनलाच सामसूम. कुरुंदवाडच्या घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे, समोर कृष्णा-पंचगंगा एक होतात, पण आपल्यातले किती जण वाडीहून पलीकडं जातात? बासुंदी पिऊन, कवठाची बर्फी बांधून घेऊन परत. मीही त्यातलीच, म्हणा.

इचूकाची गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. गाव वसवलं हेन्री हॉपवूड नावाच्या माणसानं. हा इंग्लंडातून काळ्या पाण्यावर पाठवलेला कैदी. सुटल्यावर इथं येऊन त्यानं नदीवर प्रवासी पलीकडं नेणारी तर चालू केली आणि काठावर हॉटेल काढलं. असं म्हणतात की हॉटेलात गिऱ्हाईक कमी असलं की हा तर बंद ठेवायचा. प्रवासी करतात काय, बसले रात्रभर हॉटेलात. हे वाचून मला आपल्या एस. टी.चे ठराविक ढाब्यावर थांबणारे ड्रायव्हर आठवले.

मग १८६४ साली मेलबर्नहून रेल्वे इथंवर आली आणि गावाचं नशीब फळफळलं. वरच्या मुलखातली लोकर नदीतून बोटींनी इथं यायची, इथं रेल्वेत चढायची आणि बंदरावर जायची. समुद्रापासून इतक्या आत असलेलं हे गाव बंदर झालं! १८६५ साली त्यांनी धक्का बांधायला घेतला, तोही याच रेड गमच्या लाकडाचा. धक्क्याला मजले आहेत, कारण पाणी कधी वर कधी खाली. पाणी उतरलं की खालच्या मजल्यावरून माल चढवायचा, चढलं की वरच्या. खाली उतरून बघितलं तर ओंडक्यांचं जंगलच उभं केलेलं. अंधार, ओल, आणि त्या लाकडाचा आंबूस वास.

आम्ही वाफेच्या बोटीत बसलो. दोन्ही अंगांना मोठी पाणचक्कीसारखी चाकं. ॲडलेड नावाची १८६६ सालची एक बोट तिथं आहे. लाकडी तळाच्या, अजून चालणाऱ्या वाफेच्या बोटींत जगात तीच सगळ्यात जुनी, असं तिथले लोक छाती पुढं काढून सांगतात. आमची बोट वेगळी होती, पण इंजिन तसंच उघडं. कठड्यावरून वाकून बघता येतं. तेलानं चमकणारे दांडे पुढं-मागं, आणि एक गडी भट्टीचं दार उघडून रेड गमचे ढलपे आत सारतोय. लाकूड आतून बिटासारखं लाल. दार उघडलं की तोंडावर धग यायची आणि मला एकदम गुऱ्हाळ आठवलं, चुलवाणात चिपाड सारणारा गडी, काहिलीवरची वाफ. डोळे मिटले असते तर फक्त काकवीचाच वास कमी होता. मनूला मी हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "आई, तुला सगळीकडं कोल्हापूरच दिसतं." आता काय बोलायचं?

(ही पोरगी बरं का, "मी जातो, मी येतो" असं बोलायला लागलीय. माझ्याच तोंडचं उचललंन. जावई नागपूरचे, ते डोक्याला हात लावतात. मी म्हटलं, कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, सवय करून घ्या.)

पुढं रेल्वेनंच गावाचं नशीब फिरवलं. ती नदी ओलांडून थेट लोकरीच्या मुलखात पसरली, मग बोटी कोणाला हव्यात? धक्का कुजत पडला. आज जो दिसतो तो उरलेला तुकडा. शिवाय तेव्हा नदीच्या अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं, आणि १९०१ साली देश एक होईपर्यंत नदी ओलांडताना जकात. अजून गंमत म्हणजे, हद्द नदीच्या मधून जात नाही. ती अलीकडच्या काठाच्या माथ्यावरून जाते, म्हणजे अख्खी नदी पलीकडच्या राज्याची. आमच्या बाजूच्या माणसानं गळ टाकला तरी परवाना त्यांचा लागतो. हे ऐकल्यावर तुम्ही लगेच कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर याल, मला माहीत आहे. यांच्यातही पाण्यावरून भांडणं झाली, अजून होतात; पण १९१५ सालापासून तीन राज्यांचा करार तरी आहे.

आता मुद्द्याचं. धक्क्याच्या एका खांबावर पुरांच्या रेघा मारलेल्या आहेत, साल घालून. मी त्यापुढं किती वेळ उभी होते कोण जाणे. आपल्या माजघरातल्या भिंतीवर तुम्ही पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा. २०१९ची माझ्या खांद्याला. २०२१ची त्याच्या वर चार बोटं. खाली तुमच्या अक्षरात तारीख, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात. ५५ फूट ७ इंच, हे २०१९चं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बाकीच्या पोरींना बोर्डाचे मार्क पाठ असतात, मला हे.

सुकाणूवर एक म्हातारा होता, त्याला मी विचारलं. ऑक्टोबर २०२२मध्ये इथं मोठा पूर आला होता. तो म्हणाला, पाणी येणार हे आम्हाला कितीतरी दिवस आधी कळलं होतं. मला पटेना. मग लक्षात आलं. इचूका समुद्रसपाटीपासून जेमतेम ९५ मीटर उंचीवर आहे, आणि तिथून समुद्र नदीच्या वाटेनं दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब. उतारच नाही. वरच्या ह्यूम धरणातून निघालेलं पाणी यायला कित्येक दिवस घेतं. पूर इथं चालत येतो, बाबा. आपल्याकडं राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले असं रात्री कळलं की सकाळी पाणी गल्लीत. तुम्ही कितीदा सांगितलंय, घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आपल्या दारात यायला एक रात्र पुरते. एवढासा जिल्हा, पण पश्चिमेला उभा डोंगर.

तेवढ्या दिवसांत त्यांनी काय केलं? गावातून, रस्त्यांवरून, मातीची भिंत घातली. काही किलोमीटर लांब. गाव वाचलं. पण भिंत कुठून तरी घालायचीच, आणि जिथून घातली त्याच्या नदीकडच्या अंगाला काही घरं राहिली. ती बाहेर. म्हातारा हे सांगताना सुकाणूवरची नजर काढत नव्हता. त्याच्या ओळखीतल्या कोणाचं तरी घर बाहेर राहिलं होतं. भिंतीच्या आतले आणि बाहेरचे अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत, म्हणाला. मला २०१९च्या त्या रात्री आठवल्या. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि तुम्ही आज्जीला घेऊन माळ्यावर. मी इथं पडद्यावर शाहूपुरीतल्या होड्या बघत होते आणि तुमचा फोन लागत नव्हता.

त्या पुरानंतर इथं आणखी एक झालं. रेड गमचा वर्षानुवर्षांचा पालापाचोळा पुराच्या पाण्यात कुजला आणि पाणी काळं पडलं. त्यातला प्राणवायू संपला. मासे मेले, आणि नदीतल्या मोठाल्या झिंग्यांसारख्या क्रेफिश पाण्यातून निघून काठावर चढून बसल्या. श्वास घ्यायला. म्हातारा म्हणाला, असं चित्र पुन्हा बघायला नको. आपल्या पंचगंगेत उन्हाळ्यात मासे तरंगतात ते कशानं, हे काही मी त्याला सांगितलं नाही. आपल्या घरची लाज कशाला वेशीवर टांगा. आणि तरी याच झाडांना पूर लागतो. पूर येऊन ओसरला की त्याच चिखलात बी रुजतं. धरणं झाल्यापासून पूर कमी झाले तसं जंगल वाळायला लागलं, म्हणून आता ठरवून, मोजून, जंगलात पाणी सोडतात.

अहो, खरी गंमत तर पुढंच आहे. इचूकाच्या खाली अर्ध्या तासावर टोरमबेरी म्हणून बंधारा आहे. तुमच्यासाठी म्हणून मी हट्टानं गाडी तिकडं वळवायला लावली. आताचा बंधारा १९९०च्या दशकातला, दरवाज्यांचा. पण त्याच्या आधी १९२०च्या दशकात बांधलेला जो होता, तो कसा होता माहितीये? लोखंडी घोड्या, चाकांवरच्या, रुळांवर उभ्या. पूर आला की सगळ्या घोड्या दोरखंडानं ओढून काठावर घ्यायच्या आणि नदी मोकळी करायची! म्हणजे आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधाराच की हो. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे, दोन ओळींमध्ये माती ठासायची. यांनी सगळा सांगाडाच बाहेर काढला, आपण खांब ठेवून फळ्या काढल्या. त्यातली एक जुनी घोडी तिथं मांडून ठेवलीय. मी तिच्या चाकावर हात ठेवून फोटो काढलाय, दादाला पाठवलाय, मोठा करून बघा. तुमचं ते डाव्या हाताचं बोट बरग्यात सापडलं होतं, ते मी मनूला सांगितलं. तिनं विचारलं, आजोबा रडले का? मी म्हटलं, नाही, शिव्या दिल्या.

तिथं एक माणूस आम्हाला माहिती देत होता. मी त्याला म्हटलं, माझे वडील असलेच बंधारे सांभाळायचे. त्यानं विचारलं, कुठली नदी? मी म्हटलं, पंचगंगा. त्याला ते म्हणता येईना. तीनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून.

आता दादाच्या विषयावर येते. घर विकून फुलेवाडीकडं वर जायचं म्हणतोय, आणि तुम्ही दोन महिने त्याच्याशी धड बोलत नाही, असं आईनं सांगितलं. मी आतापर्यंत मनातून दादाच्या बाजूची होते. इचूकात नदीकाठची घरं बघितली, नवी बांधलेली सगळी खांबांवर उभी, खाली नुसती गाडी लावायची जागा. एक बाई वरच्या व्हरांड्यात बसून चहा पीत होती, खाली नदी. मला वाटलं, हिला नदी सोडवली नाही म्हणून हिनं घर उचललं. आपल्या वाड्याला खांब लावता येत नाहीत, भिंती पांढऱ्या मातीच्या, हे मलाही कळतं. दोन पुरांनी त्या आतून पोकळ झाल्यात, हे तुम्हालाही कळतं. मग विका असं मी म्हणत नाही. पण यंदा पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागायची वाट न बघता आज्जीची ट्रंक, देव्हारा आणि तुमच्या खात्याच्या त्या वह्या आत्ताच वर न्या. वह्या आधी. आज्जीला सांगा, मी सांगितलंय म्हणून.

आणि दिवाळीला घर रंगवणार म्हणताय, तर माजघरातल्या रेघांवर रंग फासू नका. दादाला म्हणावं, जमिनीपासून टेप लावून प्रत्येक रेघेचा फोटो काढून पाठव, साल दिसलं पाहिजे. तुम्हाला दोघांना मिळूनच ते करावं लागेल, कारण टेप धरायला एक आणि फोटो काढायला एक.

आईला सांगा, इथं मटण चांगलं मिळतं, पण कांदा-लसूण चटणी संपत आलीय. येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवा, कोरड्या डब्यात, मागच्या वेळसारखी पिशवीत नको. माझं अख्खं सामान महिनाभर त्या वासाचं होतं.

इथं आपल्यापेक्षा घड्याळ साडेचार तास पुढं आहे. पाणी वाढलं तर तुमच्या रात्री दहाला इथं अडीच वाजलेले असतात, तरी मिस्ड कॉल द्या. मी जागीच असते. राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि तो आकडा मोबाईलवर दिसतो तेव्हा तो खरा की तासापूर्वीचा, ते कळत नाही. तुम्ही घाटावर जाऊन आलेले असता. कितवी पायरी बुडाली तेवढं सांगा.

तुमची लाडकी,
बेबी

ता. क. मनूनं खाली नदी काढलीय. चार नद्या निळ्या आहेत. पाचवी तिनं पेन्सिलीनं काढून खोडलीय, गुप्त म्हणून.